ब्रेक ‘फेल’ होण्याआधी पेडल सांगते...
जुन्या ट्रकचे ब्रेक पेडल मऊ का पडते, दोष कसा शोधावा आणि दुरुस्ती कशी करावी?

भाजीपाला, दूध, सिमेंटच्या गोण्या किंवा बदलीच्या गावी निघालेल्या कुटुंबाचे घरसामान... शहराचा रोजचा व्यवहार आजही बऱ्याच अंशी जुन्या ट्रक-टेम्पोंच्या भरवशावर चालतो. यांपैकी एखादी गाडी उताराला बेफाम होते आणि दुसऱ्या दिवशी ‘ब्रेक निकामी झाल्याने अपघात’ असे एक वाक्य छापून येते. तिथे चौकशी संपल्यासारखी वाटते. वास्तविक ती तिथून सुरू व्हायला हवी. पाइप अकस्मात फुटणे यासारखे अपवाद सोडले, तर हायड्रोलिक ब्रेक एका क्षणात दगा देत नाहीत. त्याआधी कित्येक दिवस पेडल चालकाच्या पायाला इशारा देत असते. ते मऊ लागते, नेहमीपेक्षा खोल जाते किंवा दोन-तीनदा मारल्यावरच ब्रेक धरतो.

‘पेडल बसते’, ‘दोन पंपांत ब्रेक लागतो’ ही वाक्ये गॅरेजमध्ये रोज ऐकू येतात. त्यावरचा प्रचलित उपायही ठरलेला आहे : टाकीत ऑइल ओतायचे, घाईने एअर काढायची आणि गाडी पुन्हा रस्त्यावर सोडायची. चार दिवस पेडल घट्ट लागते आणि दोष जिथल्या तिथे राहतो. मऊ पेडल हे लक्षण आहे. त्यामागचे आजार निरनिराळे असल्याने आधी निदान आणि मग दुरुस्ती, हा क्रम पाळण्याला पर्याय नाही.

हे विवेचन हायड्रोलिक ब्रेक असलेल्या हलक्या आणि मध्यम ट्रकपुरते आहे. १९८६ मध्ये बाजारात आलेली टाटा ४०७ हे त्यांतले आपल्याकडचे सर्वपरिचित उदाहरण. मोठ्या मालट्रकना दाबाखालील हवेवर चालणारे एअर ब्रेक असतात. त्यांचे दोष आणि त्यांची तपासणी वेगळी आहे.

पेडल दाबल्यावर काय घडते?

चालकाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि ब्रेक ऑइलवर दाब येतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, या पास्कलच्या नियमानुसार तो दाब लोखंडी नळ्या आणि रबरी होज पाइपमधून प्रत्येक चाकापर्यंत जातो. तिथल्या व्हील सिलिंडरचे पिस्टन ब्रेक शूंना बाहेर ढकलतात, शूवरील लायनर फिरत्या ड्रमला घासतात आणि चाकाची गती मंदावते.

ऑइल व्यवहारात दाबले जात नाही, हेच या रचनेचे मर्म आहे. हवा मात्र दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पेडलची धाव चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी तो बुडबुडा आक्रसण्यात खर्ची पडते. मास्टर सिलिंडरमधून एका दाबात सरकणारे ऑइल मुळात थोडेच असते. त्यामुळे थोडी हवा, थोडी गळती किंवा शू आणि ड्रममधील थोडे जादा अंतरही पायाला लगेच जाणवते.

पायाचा जोर वाढवण्यासाठी पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये व्हॅक्यूम बूस्टर असतो. डिझेल इंजिनात त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप बसवतात. तो बहुधा अल्टरनेटरला जोडलेला असतो. इंजिन बंद पडले की पंपही थांबतो आणि बूस्टरमध्ये जेमतेम दोन-तीन वेळा ब्रेक लावण्यापुरती ताकद शिल्लक राहते. बूस्टर नादुरुस्त झाला तर पेडल मऊ न पडता दगडासारखे कठीण होते, हेही ध्यानात ठेवावे. मऊ पेडलच्या तक्रारीवर बूस्टर बदलून देणारा मिस्त्री बहुतेक वेळा चुकीच्या जागी हात घालत असतो.

मऊपणाचे चार प्रकार

पेडल ‘मऊ’ असल्याची तक्रार आली की पहिला प्रश्न विचारावा : मऊ म्हणजे नेमके कसे? उत्तर साधारणपणे पुढील चारपैकी एक असते.

पहिला प्रकार : पेडल स्पंजसारखे दबते आणि सोडल्यावर उसळी घेते. पंप केल्यास थोडे वर येते, पण घट्टपणा येत नाही. हे नळीतील हवेचे लक्षण आहे. फुगणारे जुने होज पाइप किंवा ड्रमच्या गोलाईशी न जुळणारे नवे लायनर यांमुळेही असाच अनुभव येतो.

दुसरा प्रकार : पहिल्या दाबात पेडल खोल जाते, लागोपाठ दुसऱ्या-तिसऱ्या दाबात वर येऊन घट्ट होते आणि घट्टच राहते. येथे बहुधा शू आणि ड्रम यांच्यातील अंतर वाढलेले असते. लायनर झिजलेले असतात, ड्रम मोठा झालेला असतो किंवा बरेच दिवस ब्रेक ॲडजस्ट केलेले नसतात.

तिसरा प्रकार : पेडल सुरुवातीला घट्ट लागते, पण पाय स्थिर ठेवला की हळूहळू फळीकडे सरकत जाते. म्हणजे दाब कुठेतरी निसटतो आहे. एक तर ऑइल बाहेर गळते आहे, नाही तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी कप झिजून ऑइल पिस्टनच्या मागे जाते आहे. सिग्नलला उभे असताना पेडल खाली जात असल्याचे चालक सांगतो तो हाच प्रकार.

चौथा प्रकार : सकाळी पेडल उत्तम असते, मात्र लांबलचक उतार उतरल्यावर मऊ पडते आणि गाडी थंड झाल्यावर पुन्हा सुधारते. हा सर्वांत फसवा प्रकार आहे, कारण गॅरेजमध्ये गाडी पोहोचेपर्यंत दोष नाहीसा झालेला असतो. ऑइलमध्ये पाणी मुरल्याने ते उष्णतेने उकळते, वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल बसते. तापलेला ड्रम आकाराने वाढतो, त्यामुळेही पेडल काहीसे खाली जाते. याउलट, पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल तर तापलेल्या लायनरची पकड सुटली आहे, असे समजावे.

निदानाची पद्धत

तपासणीपूर्वी गाडी सपाट जागेवर, रिकामी आणि चाकांपुढे-मागे लाकडी ठोकळे लावून उभी करावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही शिरू नये. मजबूत स्टँड हवेतच.

सर्वप्रथम टाकीतील ऑइल पाहावे. बंदिस्त रचनेतून ऑइल आपोआप ‘संपत’ नाही. लायनर झिजल्यावर पातळी किंचित उतरते, परंतु वारंवार ऑइल घालावे लागत असेल तर ते कुठेतरी गळत आहे, हे नक्की. ऑइल काळपट झाले असेल, तळाशी गाळ असेल किंवा टाकीच्या झाकणाचे रबर फुगून सैल पडले असेल, तर कुणीतरी त्यात भलतेच तेल ओतल्याचा संशय घ्यावा.

त्यानंतर ओल शोधावी. प्रत्येक चाकाची ड्रममागची पत्र्याची प्लेट, टायरची आतली बाजू, होज पाइपची दोन्ही टोके, चासीला लागून गेलेल्या नळ्या आणि त्यांचे जोड नीट पाहावेत. क्लिपखाली चिखल साचून नळ्या आतल्या आत गंजतात, म्हणून तेथील चिखल खरवडून पाहणे आवश्यक आहे. मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्यामधला जोड अनेकदा दुर्लक्षित राहतो. मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले की ऑइल बूस्टरच्या पोटात जाते आणि जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. बाहेर कोरडे, तरी टाकी रिकामी होत असेल तर मास्टर सिलिंडर सोडवून मागून पाहावा.

पुढची परीक्षा पायाची. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील उरलेला व्हॅक्यूम संपतो. मग पेडल दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली जाऊन थांबले तर बूस्टर ठीक आहे. आता तोच दाब अर्धा ते एक मिनिट कायम ठेवावा. पेडल सरकत राहिले आणि टाकीतील पातळीही उतरली, तर गळती बाहेर आहे. पातळी तेवढीच राहून पेडल सरकले, तर मास्टर सिलिंडर आतून गेला आहे. एका मिनिटाच्या या परीक्षेने अनेक अनावश्यक खर्च वाचतात.

पेडल सरकत नाही, पण खोल जाते असे आढळल्यास प्रत्येक चाक उचलून ब्रेक ॲडजस्ट करावेत आणि पुन्हा पाहावे. शू ड्रमला टेकवल्यावर पेडल वर आले तर दोष यांत्रिक आहे, हायड्रोलिक नाही. ॲडजस्ट करूनही स्पंजसारखे लागले तर हवा किंवा होज पाइप यांकडे वळावे. एकाने पेडल जोरात दाबावे आणि दुसऱ्याने होज पाइपवर हात ठेवावा. पाइप फुगत असल्याचे बोटांना कळते. भेगा पडलेला, दबलेला किंवा फुगणारा पाइप बदलण्याबाबत विचार करीत बसू नये.

दुरुस्ती : एअर काढण्याचे तंत्र

नळीतील हवा बाहेर काढणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी आणि सर्वांत जास्त वेळा चुकणारी दुरुस्ती आहे. हवा शिरली कुठून, याचे उत्तर मिळाल्याशिवाय ती काढण्यात अर्थ नसतो. झिजलेल्या व्हील सिलिंडरमधून दाबाच्या वेळी ऑइल बाहेर येते आणि पेडल सोडताना हवा आत ओढली जाऊ शकते. अशा गाडीची एअर दर आठवड्याला काढली तरी ती पुन्हा भरणारच.

काम दोघांचे आहे. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे साधारण क्रम मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे असा असतो. कंपनीच्या पुस्तिकेत निराळा क्रम असेल तर तोच पाळावा. निपल स्वच्छ पुसून त्यावर पारदर्शक नळी बसवावी आणि नळीचे दुसरे टोक थोडे ताजे ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने निपल उघडून ऑइल व बुडबुडे बाहेर येऊ द्यावेत आणि पेडल वर सोडण्यापूर्वीच निपल बंद करावे. नळीतून एकही बुडबुडा येईनासा होईपर्यंत हे चालू ठेवावे. मधूनमधून टाकीत ऑइल घालण्यास विसरल्यास टाकी रिकामी होते, हवा मास्टर सिलिंडरमध्ये शिरते आणि सारे काम पहिल्यापासून करावे लागते.

येथे दोन गोष्टी आवर्जून सांगायला हव्यात. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज ठरावीक अंतरच फिरलेला असतो; त्यापुढच्या भागात गंज आणि गाळ साठतो. एअर काढताना पेडल थेट फळीपर्यंत दाबले की रबरी कप त्या खरखरीत भागावर घासून फाटतात आणि चांगला असलेला सिलिंडर निकामी होतो. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवून धाव मर्यादित ठेवणे हा यावरचा साधा उपाय. दुसरी गोष्ट, काही ट्रकच्या मागच्या ॲक्सलजवळ भारानुसार ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. मागची चाके लोंबकळत ठेवल्यास तो ऑइलचा मार्ग आखडतो आणि हवा पूर्ण निघत नाही. अशा गाडीची एअर चाके जमिनीवर टेकवूनच काढावी.

सिलिंडर, किट आणि ड्रम

मास्टर सिलिंडर आतून गेला असेल तर रबरी किट बदलून भागते की संपूर्ण सिलिंडर बदलावा लागतो, याचा निर्णय सिलिंडरची आतली भिंत पाहून घ्यावा. भिंत गुळगुळीत असेल तर किट चालते. हाताला खड्डे वा ओरखडे जाणवत असतील तर नवे किट घातले तरी काही दिवसांतच गळती सुरू होते. सिलिंडर बदलताना गाडीवर चढवण्यापूर्वीच बाकावर धरून त्यातील हवा काढून घ्यावी. बूस्टरकडून येणाऱ्या दांड्याला पुस्तिकेत दिल्याइतकी बारीक मोकळीक हवी. ती जास्त झाली तर पेडल खोल जाते आणि अजिबात नसेल तर ऑइल टाकीकडे परतत नाही, ब्रेक अडकून राहतात आणि ड्रम तापतात.

व्हील सिलिंडरचे रबरी टोपण किंचित उचलून पाहिल्यास आतली गळती कळते. एका बाजूचा सिलिंडर गेला असेल तर त्याच ॲक्सलवरील दुसऱ्या बाजूचाही तपासावा आणि दुरुस्ती जोडीने करावी. अन्यथा ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. ऑइलने भिजलेले लायनर घासून, जाळून किंवा पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरण्याची प्रथा घातक आहे. लायनरमध्ये मुरलेले ऑइल तापल्यावर पुन्हा पृष्ठभागावर येते.

ड्रमचा जास्तीत जास्त व्यास बहुतेक वेळा ड्रमवरच कोरलेला असतो. लेथवर कातून ती मर्यादा ओलांडलेला ड्रम भंगारात जायला हवा. पातळ ड्रम लवकर तापतो, ताणला जातो आणि तडकूही शकतो. ड्रम कातल्यावर लायनर त्याच्या गोलाईशी जुळवून घेणेही गरजेचे असते. एरवी शू मध्यावरच टेकतो, दाबाखाली वाकतो आणि हवा नसतानाही पेडल स्पंजसारखे लागते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. म्हणून ड्रममधील भुकटी हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

ऑइलची निवड

ब्रेक ऑइल हे नावापुरतेच ऑइल आहे. सर्वसाधारण वापरातील डॉट ३ आणि डॉट ४ हे द्रव ग्लायकोल वर्गातले असून हवेतील ओलावा शोषून घेतात. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाण्याचा अंश सुमारे ३.७ टक्क्यांवर गेला की त्याची हमी १४० अंशांपर्यंत उतरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ अंश आहेत. आपल्या दमट पावसाळ्यात उघड्या डब्यातील ऑइल महिनोन्‌महिने वापरणे का टाळावे, हे यावरून कळेल. कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, आणि ती ठाऊक नसल्यास साधारण दोन वर्षांनी, जुने ऑइल काढून पूर्णपणे नवे भरावे.

रस्त्यात ऑइल मिळाले नाही म्हणून इंजिन ऑइल, डिझेल किंवा रॉकेल टाकीत ओतणे हा सर्वांत महाग पडणारा ‘जुगाड’ आहे. खनिज तेलाने ब्रेकमधील रबर फुगते. एकदा हे घडले की मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर आणि होज पाइप यांतील सर्व रबरी भाग बदलून नळ्या धुऊन काढाव्या लागतात. ब्रेकचे भाग धुण्यासाठीही ताजे ब्रेक ऑइल किंवा स्पिरिटच वापरावे. हा द्रव विषारी आहे आणि गाडीचा रंगही उतरवतो, त्यामुळे जुने ऑइल गटारात सोडू नये.

घाटातील गणित

पाच टन वजनाचा ट्रक चारशे मीटर खाली उतरतो तेव्हा मुक्त होणारी ऊर्जा २५ अंशांचे सुमारे ६० लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. खंडाळ्याहून खोपोलीकडे येणारी गाडी याहूनही अधिक उतरते. ही उष्णता इंजिनाच्या ओढीने पेलली नाही तर तिचा बहुतांश भार ड्रमवर येतो. म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा दंडक शास्त्राला धरून आहे.

डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतार उतरणे म्हणजे ही ओढ आणि बूस्टरची ताकद दोन्ही गमावणे होय. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळ एका मालवाहू ट्रकने सुमारे ४८ वाहनांचे नुकसान केले. उतारावर इंजिन बंद ठेवून ट्रक न्यूट्रलमध्ये उतरवला जात होता, असे प्राथमिक तपासात पुढे आले होते. ब्रेक कोणत्याही प्रकारचे असोत, उताराचा हा धडा सर्वांना सारखाच लागू आहे.

उतारावर पेडल अचानक खाली गेलेच तर इंजिन बंद करू नये. पेडल भराभर पंप करावे, एकेक करून खालचे गिअर टाकावेत, हँडब्रेक टप्प्याटप्प्याने ओढावा आणि दिवे-हॉर्न देत गाडी दरीच्या विरुद्ध बाजूला, डोंगराकडे घ्यावी. गाडी थांबल्यावर पेडल पुन्हा घट्ट लागले, तरी ‘आता ठीक आहे’ असे म्हणून तशीच पुढे हाकू नये.

दुरुस्तीनंतर...

काम पूर्ण झाल्यावर इंजिन सुरू ठेवून पेडल एक मिनिट जोराने दाबून धरावे. ते तसूभरही सरकता कामा नये. सर्व जोड कोरड्या कागदाने पुसून ओल येते का पाहावे. त्यानंतर मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगाने, मग थोड्या अधिक वेगाने आणि शेवटी भार घेऊन ब्रेकची चाचणी घ्यावी. काही किलोमीटर चालवल्यावर प्रत्येक ड्रमजवळ, न टेकवता, हात नेऊन पाहावे. एकच ड्रम जास्त तापला असेल तर तो ब्रेक अडकतो आहे आणि एकच थंड असेल तर तो काम करीत नाही. नवे लायनर बसल्यावर काही दिवसांनी ब्रेक पुन्हा ॲडजस्ट करून घ्यावेत.

आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनांना दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. ते आवश्यकच आहे. पण त्या प्रमाणपत्रात तपासणीच्या एका दिवसाची स्थिती नोंदलेली असते. उरलेले ३६४ दिवस ब्रेकची तपासणी चालकाचा पाय करीत असतो. ‘पेडल जरा बसते आहे’ असे चालकाने सांगितल्यावर ‘एवढी खेप मारून ये, मग बघू’ असे उत्तर मालकाने द्यायचे की गाडी उभी करायची, यावर पुष्कळदा पुढची बातमी अवलंबून असते. एक रबरी किट, एक होज पाइप, डबाभर ताजे ऑइल आणि मिस्त्रीचा अर्धा दिवस, एवढ्यावर बहुतेक जुन्या ट्रकचे पेडल पुन्हा घट्ट होऊ शकते. त्या खेपेचे भाडे यापेक्षा मोठे नक्कीच नसते.